घड्याळाची डायल कशी वाचायची: तीन छोट्या डायल, चंद्र, दुसरी वेळ आणि जुनं एचएमटी

प्रश्न असा आहे: लक्ष्मी रोडवरच्या दुकानात दोन घड्याळं पसंत पडली आहेत. एकावर तीन छोट्या डायल आहेत, तो क्रोनोग्राफ असल्याचं सांगितलं. दुसऱ्यावर खिडकीत चंद्र आहे, ते मूनफेज, म्हणजे चंद्राची कला दाखवणारं. शिवाय वडिलांसाठी एखादं जुनं चावीचं एचएमटी शोधायचं आहे. डायलवरची कोणती गोष्ट नक्की काय दाखवते आणि ती खरी आहे हे कसं ओळखायचं?

डायलवरचा प्रत्येक काटा आणि खिडकीतली प्रत्येक चकती मागच्या कुठल्या तरी चाकामुळे फिरत असते. म्हणून नावावर जाऊ नका. कडेची चावी ओढा, काटे पुढे फिरवा, बटणं दाबा आणि काय हलतं, किती हलतं ते बघा. दोन मिनिटांत डायल स्वतःच खरं-खोटं सांगते. काउंटरवर हे करायला कुणी नाही म्हणत असेल तर ते घड्याळ तिथून घेऊ नका.

आधी तीन छोट्या डायलबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बाहेरून सारखी दिसणारी ही घड्याळं तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार खरा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. यात मधला लांब सेकंदकाटा एरवी बारावर गप्प उभा असतो, कारण तो स्टॉपवॉचचा काटा आहे. चालू वेळेचे सेकंद एका छोट्या डायलवर फिरतात. वरचं बटण दाबलं की मधला काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर येतो. उरलेल्या छोट्या डायल झालेली मिनिटं आणि तास मोजतात. "सेकंदकाटा चालत नाही" म्हणून नवी घड्याळं परत आणली जातात, त्यातल्या बऱ्याच घड्याळांत बिघाड काहीच नसतो. दुसरा प्रकार मल्टिफंक्शन. त्याच्या तीन डायलवर वार, तारीख आणि २४ तास असतात, मधला सेकंदकाटा कायम चालू असतो आणि बटण दाबलं की वार किंवा तारीख एक घर पुढे सरकते. हे घड्याळ वाईट नाही, पण क्रोनोग्राफच्या किमतीला घेऊ नये. तिसऱ्या प्रकारात छोट्या डायल नुसत्या छापलेल्या असतात आणि त्यांचे काटे चिकटवलेले असतात. चावी ओढून काटे २४ तास फिरवा. एकही छोटा काटा हलला नाही आणि बटणांनीही काही झालं नाही, तर ती सजावट आहे.

क्रोनोग्राफवर ३० किंवा ६० आकडा असलेली डायल मिनिटांची (६० ची डायल सतत फिरत असेल तर ती चालू सेकंदांची), १२ आकडा असलेली तासांची. २४ आकडा असलेली डायल मात्र स्टॉपवॉचची नसते. ती मुख्य तासकाट्याला जोडलेली असते आणि फक्त दिवस की रात्र ते दाखवते. तिला वेगळी वेळ लावता येत नाही, त्यामुळे 'दुसऱ्या देशाची वेळ' म्हणून ती कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. सेलशिवाय चालणाऱ्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये सर्वांत जास्त दिसणारं मशीन म्हणजे व्हॅल्जू ७७५०. त्याची मांडणी एकदा लक्षात ठेवली की लगेच ओळखू येते: बाराशी ३० मिनिटांची डायल, सहाशी १२ तासांची, नवाशी चालू सेकंद आणि तीनाशी वार-तारीख.

सेल बदलल्यानंतर क्रोनोग्राफचा मधला काटा बाराऐवजी दोन-तीन सेकंद पुढेमागे थांबतो, ही तक्रार रोजची आहे. काटा काढून पुन्हा बसवायची गरज नसते. बहुतेक क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरच्या मशीनमध्ये चावी शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढून बटण दाबलं की काटा एकेक पाऊल सरकतो, दाबून धरलं की भराभर. बारावर आणा, चावी आत दाबा, झालं. वरचं बटण एक काटा हलवतं आणि खालचं दुसरा, त्यामुळे दोन्ही दाबून बघा. सेल नसलेल्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या क्रोनोग्राफला हा नियम लागू नाही. तिथे काटा चुकला तर तो कारागिरानेच बसवायचा, आणि फ्लायबॅक (स्टॉपवॉच चालू असतानाच शून्यावर आणायची सोय) नसेल तर स्टॉपवॉच चालू असताना रीसेटचं बटण जोर लावून दाबायचं नाही.

कडेला ४०० पासून ६० पर्यंत उतरते आकडे असलेली पट्टी म्हणजे टॅकीमीटर. ३६०० ला सेकंदांनी भागलं की जो आकडा येतो तोच तिथे छापलेला असतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर किलोमीटरच्या एका दगडाशी काटा सोडा आणि पुढच्या दगडाशी थांबवा. ३६ सेकंद लागले तर काटा १०० वर, ४० लागले तर ९० वर. मोजणारा शेजारी बसलेला हवा, गाडी चालवणारा नको. वेग ६० च्या खाली असेल तर काटा पूर्ण फेरी मारून पुढे जातो आणि पट्टी उपयोगाची राहत नाही. अशा वेळी अर्धाच किलोमीटर मोजून आलेला आकडा निम्मा करावा. नाडी मोजायची पल्सोमीटर पट्टी असेल तर तिच्यावर ३० किंवा १५ ठोके असं लिहिलेलं असतं. तेवढे ठोके मोजून काटा थांबवायचा आणि समोरचा आकडा वाचायचा. ३० ठोक्यांना २५ सेकंद लागले तर नाडी ७२. टेलिमीटरची पट्टी वीज चमकणं आणि गडगडाट यांच्यातल्या वेळेवरून अंतर सांगते, ३ सेकंदांना साधारण १ किलोमीटर.

आता चंद्र. खऱ्या मूनफेजमध्ये खिडकीमागे एक चकती असते, तिच्यावर दोन चंद्र आणि बहुधा ५९ दाते असतात. दिवसाला एक दाता सरकतो, म्हणजे २९.५ दिवसांत एक चंद्र पूर्ण होतो. खरा चांद्रमास २९.५३ दिवसांचा असल्यामुळे अशा घड्याळात सुमारे दोन वर्षं आठ महिन्यांत एका दिवसाची चूक साठते. १३५ दात्यांच्या महाग यंत्रणेत तीच चूक साठायला १२२ वर्षं लागतात. रोजच्या वापराला ५९ दाते पुरेसे आहेत, या फरकासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

पण स्वस्त घड्याळांत मूनफेज म्हणून जे विकलं जातं ते अनेकदा मूनफेज नसतंच. चकतीच्या एका अर्ध्यावर सूर्य, दुसऱ्यावर चंद्र आणि ती २४ तासांत एक फेरी मारते. ती फक्त दिवस-रात्र दाखवते. चावी ओढून काटे १२ तास पुढे न्या. चंद्राच्या जागी सूर्य आला तर कळलंच. खरी चंद्राची चकती एवढ्यात फार तर एक दाता सरकेल.

खरा मूनफेज लावायला भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पुरतं. मागची पौर्णिमा कोणत्या तारखेला होती ते पाहा. चंद्र खिडकीच्या बरोबर मध्ये, पूर्ण गोल दिसेपर्यंत आणा. मग पौर्णिमेपासून आजपर्यंत जितके दिवस झाले तितके टप्पे पुढे. केसच्या कडेला खोलगट बटण असेल तर ते लाकडी टोकाने दाबा. टाचणीने केसवर ओरखडे पडतात आणि टोक आत घसरतं.

तारीख, वार आणि चंद्र या तिघांना एक नियम सारखाच लागू आहे, आणि तो मोडल्यामुळे खराब झालेली मशीन सतत दुरुस्तीला येतात. मध्यरात्रीच्या आसपास तारखेच्या चाकात दुसऱ्या चाकाचं बोट अडकलेलं असतं आणि ते तारीख हळूहळू ढकलत असतं. त्या वेळी चावीने किंवा बटणाने तारीख पटकन बदलली की दाता तुटतो किंवा बोट वाकतं. रात्री ८ ते पहाटे ४ हा काळ टाळा. पद्धत अशी: चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवा, तारीख उलटली की समजायचं आता मध्यरात्र. तिथून आणखी पुढे सकाळच्या सहापर्यंत या. मग चावी मधल्या टप्प्यावर आणून कालची तारीख लावा, पुन्हा पूर्ण ओढून काटे पुढे नेत आजची तारीख आणि वेळ गाठा. दुपारी बाराला तारीख बदलते ही तक्रार असेल तर घड्याळ १२ तासांनी चुकलेलं असतं, बिघडलेलं नसतं. दोन भाषांत वार असलेल्या घड्याळात रात्री काही तास दुसऱ्या भाषेतला वार दिसतो, तोही दोष नाही. चाकावर वार चौदा असतात आणि तुमच्या भाषेतल्या दोन वारांच्या मध्ये दुसरी भाषा येऊन जाते. साध्या तारखेच्या घड्याळाला वर्षातून पाच वेळा हात लावावा लागतो, कारण ३१ पेक्षा कमी दिवसांचे महिने पाच. ३० आणि ३१ दिवसांचे महिने ओळखणाऱ्या अॅन्युअल कॅलेंडरला फक्त फेब्रुवारीनंतर, आणि लीप वर्षही ओळखणारं पर्पेच्युअल कॅलेंडर चालू राहिलं तर २१०० सालापर्यंत लावावं लागत नाही.

हिंजवडी-खराडीत परदेशातल्या टीमबरोबर काम करणारे बरेच जण जीएमटी, म्हणजे दुसऱ्या देशाची वेळही दाखवणारं घड्याळ घेतात आणि नंतर गोंधळतात, त्यामागे आपला साडेपाच तासांचा फरक आहे. जीएमटीमध्ये चौथा काटा २४ तासांत एक फेरी मारतो. तो, किंवा काही घड्याळांत मुख्य तासकाटा, एकेका तासाच्या उडीने सरकवता येतो. मिनिटकाटा मात्र दोन्ही वेळांना एकच. भारतात १५:३० झाले असताना हिवाळ्यात लंडनला १०:०० वाजलेले असतात. चौथा काटा मात्र ९:३० वर किंवा १०:३० वर उभा राहील, १०:०० वर कधीच येणार नाही. उपाय फिरत्या कड्यात आहे. कडं ४८ टिचक्यांचं असेल तर ते अर्ध्या तासाने सरकतं. काटा १०:३० वर असताना कडं घड्याळाच्या दिशेने एक टिचकी फिरवलं की तो बरोबर १० च्या खुणेवर येतो. २४ टिचक्यांचं कडं असेल तर अर्धा तास मनातच धरावा लागतो. म्हणून घेण्यापूर्वी टिचक्या मोजा. न्यूयॉर्कचीही तीच अडचण, फरक साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा. भारतीय वेळेला सर्वांत सोयीचं म्हणजे अॅना-डिजी, काट्यांवर आपली वेळ आणि खालच्या पडद्यावर दुसऱ्या शहराची, अर्ध्या तासासकट. नाहीतर स्वतःचा वेगळा मिनिटकाटा असलेली छोटी डायल.

साधं काट्यांचं घड्याळ हातात असेल तर हिवाळ्यात लंडनची वेळ बघण्याची जुनी युक्ती अजून चालते: बारा खाली येईल असं घड्याळ उलटं धरून वाचा. मिनिटं अचूक येतात. तासकाटा अर्धा तास मागे दिसतो हे लक्षात घेऊन जवळचा तास धरायचा. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा त्यात एक तास मिळवा.

बाकीचे प्रकार थोडक्यात. रेग्युलेटर डायलमध्ये मध्यभागी फक्त मिनिटकाटा असतो, तास आणि सेकंद वेगवेगळ्या छोट्या डायलवर. ही मांडणी प्रमाण वेळ दाखवणाऱ्या अचूक घड्याळांकडून आली, काट्यांनी एकमेकांना झाकू नये म्हणून. जंप अवरमध्ये तासाचा आकडा खिडकीत असतो आणि साठ मिनिटं भरली की एकदम उडी मारतो. रेट्रोग्रेडमध्ये काटा कमानीवर शेवटपर्यंत जाऊन झटक्यात सुरुवातीला येतो. या दोन्हींत स्प्रिंगचा ताण साठवून सोडला जातो, त्यामुळे काटे उलटे फिरवणं बऱ्याच मशीनना चालत नाही, नेहमी पुढेच फिरवा. पॉवर रिझर्व्हचा काटा स्प्रिंगमध्ये किती तास उरले ते दाखवतो, आणि हा काटा मला फार उपयोगी वाटतो, कारण चावीचं घड्याळ रात्री बंद पडणार की नाही हे आधी कळतं.

डिजिटल घड्याळाचा पडदा एकाच जातीचा नसतो. १९७२ मध्ये हॅमिल्टनने बाजारात आणलेल्या पल्सारचे लाल आकडे एलईडीचे होते. ते वीज इतकी खात की वेळ बघायला बटण दाबावं लागे. नंतर एलसीडी आला. तो स्वतः उजेड देत नाही, पडणाऱ्या उजेडाचा काही भाग अडवून आकडे दाखवतो, म्हणूनच कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यूसारखं घड्याळ एका सेलवर वर्षानुवर्षं चालतं. आठच्या आकड्यातली एखादी रेघ दिसत नसेल तर पडदा बदलण्याची घाई करू नका. पडदा आणि सर्किट यांच्यामध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं रबर असतं, तिथे घाम किंवा धूळ शिरलेली असते. उघडून साफ केलं की बहुतेक वेळा रेघ परत येते. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं घड्याळ पूर्ण काळं पडलं तर सावलीत आणा, थंड झाल्यावर सहसा पूर्ववत होतं. पोलराइज्ड गॉगल घालून पडदा काळा दिसतो, तेव्हा मनगट थोडं वळवा. गजर भलत्या वेळी वाजत असेल तर आकड्यांशेजारचं पीएमचं बारीक अक्षर पाहा, किंवा सरळ २४ तासांची पद्धत लावा. काट्यांच्या क्वार्ट्झमध्ये सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला तर सेल संपत आल्याची ती सूचना आहे. लगेच बदला, संपलेला सेल आत राहिला तर गळतो आणि सर्किट खातो.

आता वडिलांचं एचएमटी. बेंगळुरूचा कारखाना १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला. जनता, पायलट, कोहिनूर ही नावं आजही जुन्या बाजारात आणि ऑनलाइन खूप दिसतात. अडचण अशी की त्यातल्या अनेक डायल पुन्हा रंगवून छापलेल्या असतात. भडक निळी, केशरी, पोपटी डायल आणि तीवर ठसठशीत देवनागरी आकडे असतील तर आधी शंका घ्या. देवनागरी अंकांची मूळ जनता होती, पण तिच्या नकली छापाच्या डायल त्याहून कितीतरी जास्त फिरतात. दहापट भिंगातून बघा: मूळ छपाईच्या कडा धारदार असतात, पुन्हा छापलेल्याच्या पसरलेल्या. मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का, बाराची खूण चावीच्या रेषेशी काटकोनात आहे का, तळाशी असलेला बारीक मजकूर गायब तर नाही ना, डायलच्या कडेला कानशीने पाडलेली खाच आहे का. ती खाच पुन्हा छापताना डायल सरळ धरण्यासाठी पाडतात. मळलेली, थोडी पिवळसर पण मूळ डायल चकचकीत नव्या छपाईपेक्षा मौल्यवान असते, ती 'पॉलिश' करून घेऊ नका.

आणि ती पुसूही नका. छापील अक्षरं फक्त लॅकरवर बसलेली असतात. स्पिरिट, पेट्रोल, अमोनियाचा क्लीनर सोडाच, ओलसर कापसानेसुद्धा नाव निघून जातं. रबरी फुंकणीने धूळ उडवणं आणि कारागिराच्या रोडिकोने (मळ टिपणाऱ्या मऊ चिकट गोळ्याने) अलगद टिपणं, एवढंच करावं. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनमध्ये घट्ट केलेले असतात. एक पाय तुटला की डायल किंचित फिरते, तारीख खिडकीत तिरकी दिसते, काटे मध्यभागी घासून घड्याळ थांबतं. डाग देऊन पाय जोडताना समोरचा रंग करपतो, म्हणून हे काम अनुभवी हातातच द्या. काटे नीट बसलेत का बघायला सहा वाजवा: दोन्ही काटे एका सरळ रेषेत हवेत. मग बारा, दोन्ही एकावर एक.

जुन्या डायलवर अंधारात चमकणारा मसाला असेल तर तो खरवडू नका. १९६० च्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरत. चमक विझलेली असते ती झिंक सल्फाइड जळून गेल्यामुळे. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं, म्हणजे किरणोत्सर्ग तसाच आहे, आणि खरवडलेली धूळ श्वासातून आत जाणं धोक्याचं. नंतरच्या घड्याळांत सहाच्या खाली इंग्रजी टी अक्षर असलं तर ट्रिटियम, त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे ते आता जवळजवळ विझलेलं असतं. हल्लीचा सुपर-ल्युमिनोव्हा किरणोत्सर्गी नाही, उजेड साठवून सोडतो इतकंच.

पुण्याच्या पावसाळ्यात काचेखाली वाफ धरली तर ती बाहेरून आहे की आतून ते तपासा. घड्याळ मनगटावर गरम असताना काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. आत धुकं राहिलं तर ओलावा आत आहे. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही, पिठूळ धूळ मात्र चावीत शिरते. त्याच दिवशी मागचं झाकण उघडून वाळवून घ्या, नाहीतर पोलादी काटे गंजतात, लॅकरला फोड येतात आणि डायल परत मूळ स्थितीत येत नाही. जुन्या एचएमटीला पाण्यापासून संरक्षण नाही असंच धरून चाला.

वडिलांच्या डोळ्यांसाठी निवडताना डायल मॅट हवी, काटे डायलपेक्षा ठळक वेगळ्या रंगाचे हवेत आणि मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचायला हवं. चंदेरी डायलवर चंदेरी काटे दिव्याखाली सुंदर दिसतात, पण संध्याकाळी घरात वाचता येत नाहीत. नजर फारच अधू असेल तर एचएमटीचं ब्रेल घड्याळ मिळतं का बघा, त्याची काच उघडते आणि उंचवट्याचे ठिपके व काटे बोटांनी वाचता येतात. एरवी दुकानाच्या शोकेसच्या दिव्यापासून दूर, दाराशी जाऊन, वडिलांनाच चष्म्याशिवाय हात लांब करून वेळ वाचायला सांगा आणि त्यांनी सांगितलेलं मिनिट तुमच्या फोनशी ताडून बघा.